मालाकाराच्या घरचे फूल

देवपूजेच्या शास्त्रात फुलांविषयी जे अनेक नियम सांगितले आहेत, त्यांत पर्युषितत्वाचा नियम विशेष कडक आहे. पर्युषित म्हणजे रात्र उलटून गेलेले, शिळे. आदल्या दिवशी तोडून ठेवलेले फूल दुसऱ्या दिवशी देवाला वाहू नये, असा हा नियम असून तो सोळा उपचारांच्या विस्तृत पूजेला जसा लागू आहे, तसाच गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पाच उपचारांच्या संक्षिप्त पूजेलाही लागू आहे. त्याला काही अपवाद आहेत. तुळस शिळी होत नाही, बेलाचे पान धुऊन पुन्हा वाहता येते, कमळाला काही दिवसांची मुभा आहे. हे अपवाद त्या त्या वनस्पतीच्या टिकाऊपणाशी किंवा पावित्र्याशी जोडलेले असल्यामुळे सहज समजतात. परंतु त्यांच्याच बरोबरीने असा एक अपवाद सांगितला जातो की, जो कोणत्याही वनस्पतीचा नसून एका घराचा आहे: मालाकाराच्या, म्हणजे माळा गुंफणाऱ्या फुलाऱ्याच्या घरी असलेल्या फुलांना शिळेपणाचा दोष लागत नाही. एकाच झाडावरून एकाच वेळी तोडलेली दोन फुले, एक गृहस्थाच्या परडीत राहिले म्हणून त्याज्य आणि दुसरे फुलाऱ्याच्या टोपलीत राहिले म्हणून ग्राह्य, असे शास्त्राने का मानावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ आचाराचा वाटतो. पण तो थोडा उकलला तर देवाला काही देणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ज्याचा व्यवसायच फुलांचा आहे त्याचा त्या देण्यात कोणता वाटा आहे, या अधिक खोल प्रश्नांपर्यंत जाऊन पोहोचतो.

या अपवादाचा एक व्यवहारी अर्थ लगेच सुचतो. नगरात राहणाऱ्या माणसाला स्वतःची बाग नसते, त्याला फुले विकत घ्यावी लागतात, आणि विकणाऱ्याच्या टोपलीतील प्रत्येक फूल केव्हा तोडले याची चौकशी करणे अशक्य असते. तेव्हा पूजा अडू नये म्हणून शास्त्रकारांनी ही सवलत दिली असावी. धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ, म्हणजे जुन्या वचनांची विषयवार जुळणी करून निर्णय देणारे ग्रंथ, लोकांच्या अडचणींची जाण ठेवूनच लिहिले गेले आहेत. मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधु’ असो किंवा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० सालचा ‘धर्मसिंधु’ असो, त्यांत कठोर नियमाच्या शेजारी सोय बहुधा असतेच. तरीही केवळ सोयीचे हे उत्तर अपुरे पडते, कारण याच परंपरेत फुलांची एक प्रतवारी सांगितली आहे आणि ती फुलाऱ्याला अनुकूल नाही. स्वतः मिळवलेले फूल उत्तम, रानातून आणलेले मध्यम, विकत घेतलेले अधम आणि दुसऱ्याचे घेतलेले अधमाहूनही अधम, असा तो क्रम आहे. शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ता मानल्या गेलेल्या पुष्पदंत गंधर्वाची कथा या शेवटच्या पायरीचीच कथा आहे. राजाच्या बागेतली फुले चोरून तो शिवाची पूजा करी, आणि शिवाचे निर्माल्य त्याच्या पायाखाली आल्याने त्याची आकाशात संचार करण्याची शक्ती गेली, असे परंपरा सांगते. म्हणजे एका बाजूने शास्त्र विकतच्या फुलाला खालची प्रत देते आणि दुसऱ्या बाजूने त्याच फुलाला, ते विकणाऱ्याच्या घरी असेपर्यंत, काळाच्या दोषातून मुक्त करते. सोयीसाठीच अपवाद करायचा असता तर तो विकत घेणाऱ्यासाठी सांगता आला असता. तो मालाकाराच्या नावाने सांगितला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हा मालाकार म्हणजे महाराष्ट्रातला फुलारी, माळी, फुलवाली, शंकराच्या देवळाला बेल पुरवणारा गुरव, आणि गोव्यातील फुलकार. या लोकांच्या कामाकडे केवळ विक्री म्हणून पाहिले तर त्यातला मुख्य भाग नजरेआड होतो, कारण फुलाऱ्याचे ज्ञान हे प्रथमतः काळाचे ज्ञान आहे. पंचांगातली तिथी आणि झाडावरचा बहर या दोन गोष्टी त्याला रोज एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. चैत्रात देवाला दवणा वाहण्याचा विधी दमनकोत्सव या नावाने निबंधग्रंथांत आला आहे, आणि कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेत दवण्याचा वास आजही गुलालात मिसळलेला असतो. त्याच सुमारास मोगरा येतो. उन्हाळ्याच्या काहिलीत देवाला चंदनाची उटी आणि मोगऱ्याचे अलंकार करण्याची प्रथा अनेक मंदिरांत आहे, आणि पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे होणारी मोगऱ्याची आरास हे तिचे आजचे भव्य रूप आहे. आषाढात विठ्ठलासाठी तुळशीच्या माळा लागतात. श्रावणात मंगळागौरीची पत्री, सोमवारचा बेल, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. भाद्रपदात गणपतीसाठी दूर्वा, जास्वंद आणि एकवीस प्रकारची पत्री, ज्यात आघाडा, शमी, माका, डोरली, विष्णुक्रांता, हादगा अशी, एरवी ज्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही ती झाडेझुडपे एका दिवसासाठी मानाची होतात. तेरड्याची रोपे कोकणात गौर म्हणून वाजतगाजत घरी आणली जातात. आश्विनात झेंडू, त्यापाठोपाठ शेवंती, आणि माघ सरताना महाशिवरात्रीला बेल व धोत्र्याबरोबर आंब्याचा कोवळा मोहोर.

या प्रत्येक द्रव्याचा स्वभाव वेगळा आहे आणि तो हातांनीच कळतो. मोगऱ्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच तोडाव्या लागतात, म्हणजे संध्याकाळी त्या गजऱ्यात उमलतात. उमललेला मोगरा ओवायला घेतला तर रात्रीपर्यंत पिवळा पडतो. अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही, म्हणून वेणीत सुगंधाची बाजू जाईने किंवा दवण्याने सांभाळायची आणि रंगाची बाजू अबोलीने. झेंडू ओझे सहन करतो, म्हणून तो तोरणाला चालतो. प्राजक्त स्पर्शही सहन करत नाही, म्हणून त्याचा हार क्वचितच होतो आणि तो परडीतच शोभतो. केळीच्या सोपाचा धागा ओला असताना फुलाचा देठ कापत नाही, सुती दोरा ताणला तर कापतो. शिवाला केतकी नको, गणपतीला गणेश चतुर्थीखेरीज तुळस नको, देवीला दूर्वा नकोत, हे निषेध त्याला पाठ असतात, आणि गिऱ्हाइकाने देवाचे नाव घेताच फुलपुडीत काय जायचे आणि काय नाही हे हात आपोआप ठरवतात. गोव्यातील म्हार्दोळच्या महालसा नारायणीच्या मंदिरात पावसाळ्यात जायांची पूजा होते तेव्हा देवी जाईच्या फुलांनी सजते, आणि ती जाई जोपासणारी, गुंफणारी कुटुंबे त्याच परिसरातली असतात. तिथे फुलाऱ्याचे कौशल्य आणि भक्ताची सेवा यांत रेघ ओढता येत नाही. ज्याला फुलांची मनापासून आवड नाही त्याला हे सगळे जमणार नाही, हे उघड आहे.

पण आवडीपाशीच धर्मविचाराची एक अडचण उभी राहते. हुंगलेले फूल देवाला वाहू नये असा नियम आहे, कारण ज्याचा उपभोग आधी घेतला ते उष्टे झाले. फुलाऱ्याने नाकाजवळ फूल नेले नाही तरी त्याचे सारे आयुष्य सुगंधात जाते, त्याचे डोळे रंगावर फिरत असतात, एका फुलाशेजारी दुसरे ठेवताना त्याला जो आनंद होतो तो उपभोग नाही असे कसे म्हणावे? या शंकेचे उत्तर नामदेवांनी देऊन ठेवले आहे, तेही पूजकाला सोयीचे वाटावे म्हणून नव्हे. गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदाचा आशय असा आहे की, देवाला स्नान घालावे तर पाण्यात आधीच असंख्य जीव नांदत आहेत, फुलांची माळ ओवावी तर त्या फुलाचा वास भ्रमराने आधीच घेतला आहे, दुधाचा नैवेद्य दाखवावा तर ते वासराने आधीच उष्टे केले आहे. आणि विठ्ठल तर सगळीकडेच आहे. या पदाचा रोख बाह्य पूजेच्या अपुरेपणावर आहे हे खरेच. तथापि त्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते: कोणीच ज्याचा आस्वाद घेतला नाही असे फूल जगात नाही. फुलाचे रूप आणि गंध ही मुळात भ्रमराला बोलावण्यासाठी आहेत. आस्वाद हा त्याला बाहेरून लागलेला डाग नव्हे. जर देव भ्रमरातही असेल, तर भ्रमराचा आनंद पूजेला बाधक ठरत नाही, आणि मग माळा गुंफणाऱ्याचा आनंदही ठरत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी यांचा स्वीकार करताना अट घातली आहे ती भक्तीची आणि शुद्ध अंतःकरणाची. वस्तूविषयी उदासीन असण्याची अट तिथे नाही.

याच दिशेने ज्ञानेश्वर आणखी पुढे जातात. १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले कर्म हेच सर्वात्मक ईश्वराच्या पूजेचे फूल आहे आणि त्या पूजेने तो संतुष्ट होतो, असा विचार त्यांनी मांडला आहे. फुलाऱ्याच्या बाबतीत हा विचार विलक्षण होतो, कारण इतरांचे कर्म केवळ रूपकाने फूल होते, तर त्याचे कर्म अक्षरशः फुलांचे आहे. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्याच्या कामातच विठ्ठल पाहिला, त्याचीच ही जवळची वाट आहे. मात्र रूपकाला एक धोका आहे. कर्म हेच फूल असेल, पुराणांनी सांगितलेली आठ भावपुष्पे, ज्यांत अहिंसा पहिली आणि पुढे इंद्रियनिग्रह, भूतदया, क्षमा इत्यादी येतात, हीच खरी फुले असतील, आणि मानसपूजेत, म्हणजे सर्व उपचार मनानेच कल्पून केलेल्या पूजेत, बागेतल्या फुलाची गरजच नसेल, तर झाडावरचे फूल तोडायचे तरी कशाला? अहिंसा हेच पहिले फूल असल्यावर ते वाहण्यासाठी दुसरे फूल खुडणे हा विरोध नाही का?

हा आक्षेप कबीरांनी थेट माळिणीलाच विचारला आहे. गुरू ग्रंथ साहिबातील त्यांच्या पदात ते तिला सांगतात की तू पाने तोडतेस त्या पानापानांत जीव आहे, आणि ज्या दगडासाठी तोडतेस तो निर्जीव आहे. पान ब्रह्मा, फांदी विष्णू आणि फूल शंकर असताना तीन प्रत्यक्ष देवांना खुडून तू सेवा कोणाची करतेस? जैन परंपरेने हाच प्रश्न आचाराच्या पातळीवर सोडवण्याचा प्रयत्न केला. जैन दर्शनात वनस्पती हा एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे इंद्रिय असलेला जीव आहे. म्हणून दिगंबरांतील तेरापंथी उपासक अष्टद्रव्यांच्या पूजेत पुष्पाच्या जागी केशराने रंगवलेले तांदूळ वाहतात, तर बीसपंथी आणि श्वेतांबर मूर्तिपूजक फुले वाहतात, पण त्यांतही फुलाला सुईने टोचू नये, आपोआप गळलेले मिळाल्यास बरे, अशी काळजी घेतली जाते. ज्यांनी फूल नाकारले त्यांनाही पूजेतील फुलाची जागा रिकामी ठेवता आली नाही, केशरी तांदळांनी ती भरावी लागली. परंतु एवढ्यावरून आक्षेप खोडला गेला असे म्हणता येणार नाही. फूल तोडणे हे काही प्रमाणात झाडाकडून काढून घेणे आहेच, आणि फुलांवर खरे प्रेम करणाऱ्याला ते इतरांपेक्षा अधिक कळते.

या आक्षेपाला संपूर्ण उत्तर नसले तरी त्याला मर्यादा घालणारी एक जाण खुद्द पूजाविधीतच आहे. जमिनीवर पडलेले फूल वाहू नये असा सर्वसाधारण नियम असताना बकुळ आणि प्राजक्त यांना त्यातून वगळले आहे, कारण ती फुले झाड स्वतःहूनच सोडून देते. प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे गळतो. चाफ्याखेरीज इतर फुलांच्या कळ्या वाहू नयेत असेही वचन आहे, म्हणजे फुलाला आधी फूल होऊ द्यावे. या नियमांच्या मागे जी दृष्टी आहे तिला ऋतूची मर्यादा म्हणता येईल: झाड जे ज्या काळात मुबलक देते आणि जे संध्याकाळपर्यंत तसेही गळून जाणार आहे, तेच घ्यावे. ऋतूप्रमाणे आरास बदलणे याला केवळ शोभेचा विषय समजणे म्हणूनच चूक आहे. श्रावणात जे उपलब्ध आहे तेच श्रावणात मागणारा देव झाडावर अतिरिक्त भार टाकत नाही, आणि एकवीस पत्रींची मागणी करणारा गणपती एकाच झाडाला ओरबाडू देत नाही.

ही मर्यादा वंशाची किंवा देशाची नाही, हे झेंडूने सिद्ध केले आहे. दसऱ्याचे दार ज्याच्याशिवाय अपुरे वाटते तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर युरोपीय दर्यावर्दींच्या मार्गाने तो भारतात आला, त्यामुळे प्राचीन पुराणांच्या याद्यांत तो असणेच शक्य नव्हते. निशिगंध आणि खुरचाफाही अमेरिका खंडातूनच आले. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणाचा सण होतो तेव्हा याच झेंडूच्या पाकळ्यांनी पूर्वजांसाठी वाट आखली जाते. महाराष्ट्रात त्याने पावसाळ्याच्या शेवटी भरभरून फुलायचे ठरवले आणि सणाने त्याला सामावून घेतले. ग्रंथाधाराची वाट कोणी पाहिली नाही. ऋतू पाळणारा परका हा ऋतू मोडणाऱ्या आप्तापेक्षा पूजेला अधिक जवळचा ठरला, आणि हा निर्णय पंडितांच्या सभेत न होता फुलबाजारात झाला.

आता मूळ अपवादाकडे पाहता येईल. गृहस्थ फूल तोडतो तेव्हा ते कोणासाठी तरी तोडतो. तोडतानाच ते देवाचे ठरलेले असते. देवाचे ठरलेले फूल रात्रभर पडून राहिले, तर पाकळ्यांच्या आधी शिळी होते ती देण्याची इच्छा. फुलाऱ्याच्या टोपलीतील फुलाचे तसे नाही. ते अजून कोणाचेच ठरलेले नसते. त्यातले एखादे देवाच्या गळ्यात जाईल, एखादे गजऱ्यात, काही मुंडावळ्यांत, काही दर्ग्यावरच्या चादरीत, आणि काही तिरडीवर. गुंफताना फुलाऱ्याला यांतले बहुधा काहीच माहीत नसते, आणि तरीही प्रत्येक गाठ तो सारख्याच निगुतीने मारतो. फुलावर पूर्ण प्रेम आणि त्याच्या गंतव्यावर कोणताही हक्क नाही, ही स्थिती साधकाला प्रयत्नाने मिळवावी लागते. मालाकाराच्या घरी ती व्यवसायाचा भाग म्हणून नांदते. तिथे संकल्पाला अजून सुरुवातच झालेली नसल्यामुळे तो जुना होण्याचा प्रश्न येत नाही.

असे वाचले म्हणजे प्रतवारी आणि अपवाद यांतला विरोधही मिटतो, कारण ती दोन वचने दोन वेगळ्या माणसांविषयी आहेत. विकतचे फूल अधम म्हटले आहे ते विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने, ज्याने त्यासाठी माती हलवली नाही, पाणी घातले नाही, पहाटे उठून झाडाकडे पाहिले नाही. दुसऱ्याचे फूल त्याहूनही अधम आहे, कारण त्यात दुसऱ्याचे श्रम मोबदल्याशिवाय घेतले जातात. किंमत मोजणारा निदान ते श्रम मान्य करतो. मालाकारावर मात्र यांतला कोणताच ठपका नाही. त्याने पैसे घेतले म्हणून त्याचे कर्म पूजेतून बाद होत नाही, कारण स्वकर्माच्या फुलांनी पूजा करण्याचा उपदेश वेतन न घेणाऱ्यांपुरताच मर्यादित ठेवलेला नाही. जपानमध्ये क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातील इकेनोबो परंपरेच्या पुरोहितांनी बुद्धापुढे फुले ठेवता ठेवता पुष्परचनेची एक स्वतंत्र साधना घडवली, आणि १४६२ सालच्या नोंदीत इकेनोबो सेन्केई यांचे नाव रचनाकार म्हणून आले. महाराष्ट्रात रचना पूजेपासून वेगळी झाली नाही, त्यामुळे रचनाकाराचे नावही उरले नाही. त्याचा मान फक्त एका अपवादात्मक वचनात शिल्लक राहिला, आणि तो तिथे ओळखला जावा हे अगत्याचे आहे.

या अर्थाने पाहिले तर आजच्या काळातील एक शंका निकालात काढता येते. शीतगृहात आठवडाभर ठेवलेला गुलाब, हरितगृहात बारमाही उमलवलेला जरबेरा, यांना मालाकाराच्या घराचा अपवाद लागू होतो काय? शब्दशः पाहिल्यास होतो, कारण तेही विक्रेत्याच्याच ताब्यात असतात. आशयाने पाहिल्यास होत नाही. मालाकाराच्या घराला मुभा मिळाली ती भिंतींमुळे नव्हे, तर संकल्प बाकी असण्याबरोबरच तिथे प्रत्येक फुलाचे वय आणि प्रकृती जाणणारा माणूस बसलेला असल्यामुळे. जिथे फुलाला ऋतूच नाही तिथे जाणण्यासारखे काही उरत नाही. लक्षावधी फुलांच्या आराशींनाही हीच कसोटी लावावी लागेल: बहराच्या आठवड्यात शेतात सडून जाणारा मोगरा देवळात आला तर ते ऋतूचेच दान आहे, पण तितकीच फुले बहर ओसरल्यावर कुठून तरी खेचून आणली तर कबीरांचा प्रश्न पूर्ण बळाने परत उभा राहतो. प्लास्टिकच्या फुलांचा विचार तर याहून सोपा आहे. वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी उतरवले की त्याला निर्माल्य म्हणतात. विष्णूचे निर्माल्य मस्तकी धरावे आणि शिवाचे ओलांडू नये, असा त्याचा मान आहे, आणि नदीत न टाकता खत करून ते मातीत परत घातले तर तो मान अधिक चांगला राखला जातो. प्लास्टिकचे फूल निर्माल्य होऊ शकत नाही. ते उतरवून, धुऊन पुन्हा त्याच देवाला घालता येते, म्हणजे पहिल्या दिवशीही ते देणाऱ्याच्या हातून सुटलेले नसते. विहारांत बुद्धापुढे फूल ठेवताना उपासक जे चिंतन करतात, की हे फूल जसे कोमेजेल तसा हा देहही कोमेजेल, ते अशा फुलापुढे करताच येत नाही, आणि ते विकण्यासाठी फुलारीही लागत नाही.